५०० रुपयांचा हिशोब मामांना द्यायचाय

दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहीत नाही, फक्त विचारते, गेल्या महिन्यात मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि ते बघितलं म्हणूनच खिशातनं पैसे काढून घेतलं असं काय आहे? बीबीए तिसरं वर्ष, साठेक पोरं, सगळ्यांच्या हातात फोन, दिवसभर रील्स चालू, आणि तरी बराच वेळ कुणी बोलत नाही. मग कुणीतरी बूट म्हणतं, कुणी टी-शर्ट. यंदा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, मॅडम आईनं मिक्सर घेतला, रिव्ह्यू मी वाचले, पैसे पप्पांनी दिले. मी तेवढंच फळ्यावर लिहिलं. एक मिक्सर आणि तीन माणसं. पाहिजे होता एकीला, वाचलं दुसऱ्यानं, पैसे तिसऱ्याचे. मग जाहिरात कुणाला दाखवायची? त्या दिवशी पूर्ण तास एवढ्यावरच गेला आणि मला वाटतं वर्षातला तो सगळ्यात चांगला तास होता.

मी कोल्हापुरात पदवीच्या पोरांना डिजिटल मार्केटिंग शिकवते, सात वर्षं झाली. त्याआधी पुण्यात एजन्सीत होते. शिकवायला लागले तेव्हा वाटलेलं की मला काम येतं म्हणजे शिकवताही येणार. तसं काही नसतं.

पहिली अडचण म्हणजे हा विषय पुस्तकात टिकतच नाही. पुस्तकात गुगलवर जाहिरात द्यायच्या सिस्टीमचं नाव ॲडवर्ड्स छापलेलं असतं, ते २०१८ मध्ये गुगल ॲड्स झालं. मॅपवर दुकानाची नोंद असते ते गुगल माय बिझनेस २०२१ मध्ये बिझनेस प्रोफाईल झालं. वेबसाईटवर कोण येतं-जातं ते मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्सचं तर विचारूच नका, १ जुलै २०२३ पासून जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये नवीन डेटा यायचाच थांबला, सगळे जीए फोर या नव्या आवृत्तीवर गेले, आणि माझ्या स्लाईड्समधले स्क्रीनशॉट एका रात्रीत कामातून गेले, बाऊन्स रेट (आल्या आल्या साईट सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण) कुठं बघायचा इथपासून सगळं पुन्हा बसवावं लागलं. पोरं विचारतात मॅडम परीक्षेत जुनं लिहायचं का नवं. प्रश्न बरोबर आहे त्यांचा, पेपर जुन्यावर येतो आणि नोकरी नव्यावर मिळते. मी सांगते दोन्ही लिहा, आधी पुस्तकातलं आणि खाली एक ओळ आत्ताची. पण बटण कुठं आहे हे शिकवण्यात वर्ष घालवायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं, कारण बटण पुढच्या वर्षी हलणारच आहे.

मग काय शिकवायचं? हे मला एका चपलेच्या दुकानानं शिकवलं.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या मामांचं दुकान, सुभाषनगर भागात, पुढं दुकान आणि मागं कामाची जागा. आता आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणतो. पहिल्या वर्षी मी म्हटलं प्रोजेक्ट कागदावर नको, खऱ्या दुकानासाठी करूया. मामांनी गल्ल्यातनं पाचशेची एक नोट काढून पोरांच्या हातात दिली, घडी केलेली. पोरांनी छान फोटो काढला, वर "नाद खुळा" वगैरे लिहिलं आणि पोस्ट बूस्ट केली, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पैसे संपले, लाईक्स हजाराच्या वर, पोरं एवढी खूश की त्यांनी मला मिसळ खायला बोलावलं. आणि शनिवारी आम्ही दुकानात गेलो तर मामांनी एकच विचारलं, "मग जोड किती गेलं?"

एकही नाही. दोन मेसेज आले होते, दोघांनी किंमत विचारली आणि पुढं काही बोलले नाहीत. आमच्यातलं कुणी त्यांना नीट उत्तरही दिलेलं नव्हतं. घरी येऊन मी सेटिंग बघितलं तर लोकेशन अख्खा भारत, वय अठरा ते पासष्ट, आणि उद्दिष्टाच्या जागी लाईक-कमेंट. म्हणजे सिस्टीमनं आम्ही सांगितलं तेच इमानदारीत केलं होतं, लाईक करायची सवय असलेली माणसं शोधून त्यांना फोटो दाखवला. मेसेज पाहिजेत असं सांगितलं असतं तर मेसेज करणारी माणसं शोधली असती. चूक माझी होती, कारण पैसे लावायच्या आधी मी ते तपासलंच नव्हतं. मी पर्समधनं पाचशे रुपये काढून मामांच्या पुढं धरले. ते हातात रापी घेऊन बसलेले, चामड्यावरनं नजर न काढता म्हणाले, "पैसं राहूद्यात म्याडम, पोरास्नी नीट शिकवा."

हे मला लई लागलं. अजून लागतं.

पुढच्या वर्षीपासून नियम केला की पहिले दोन शनिवार फोन बॅगेत. वही-पेन घेऊन दुकानात बसायचं, दोन तास, आणि गिऱ्हाईक जे बोलतंय ते जसंच्या तसं लिहायचं. शुद्ध करायचं नाही, इंग्रजीत भाषांतर करायचं नाही. पोरांना हे पहिल्यांदा फार कंटाळवाणं वाटतं, त्यांना वाटतं डिजिटल मार्केटिंग म्हणजे कॅनव्हा आणि रील, आणि मॅडम काय हे शाळेसारखं वही घेऊन बसवतायत.

त्या बॅचला गडहिंग्लजकडची एक मुलगी होती. तिसऱ्या बाकावर भिंतीकडंला बसायची, प्रेझेंटेशन म्हटलं की अंग चोरायची, इंग्रजी येत नाही म्हणून. आपल्याकडच्या मुली बोलतात तसं "मी लिहितो मॅडम" म्हणायची आणि पुण्याहून आलेली दोघं तिच्याकडं बघून हसायची, त्यांना मी त्याच दिवशी सरळ केलं. तिची वही मी अजून ठेवलीय. त्यातल्या काही ओळी:

"आवाज येणारी हाय काय?"
"पावसात घातली तर चालंल?"
"लेदर खरं हाय न्हवं, का रेक्झिन?"
"पोरग्याचं लगीन हाय, नवऱ्याला शोभंल असली दाखवा."
"आधी चावती, मग सैल हुती, मग कुठलं माप घेऊ?"
"पुण्याला भाऊ हाय, त्याला पाठवाय येतंय काय?"

आता हे बघा, कीवर्ड रिसर्च, म्हणजे लोक कुठले शब्द टाकून शोधतात ते बघणं, म्हणून जे आपण शिकवतो ते सगळं या सहा ओळीत आहे. कुणाला चप्पल कशासाठी पाहिजे, कुणाला कसली भीती आहे, कोण लगेच घेणार आणि कोण नुसता विचारून जाणार. टूल काय करतं, तर किती लोक शोधतात त्याचा अंदाज देतं, पण शोधायला कुठला शब्द टाकायचा ते तुम्हालाच माहीत पाहिजे. पोरांनी कीवर्ड प्लॅनर या गुगलच्या टूलमध्ये आधी "पायताण" टाकलेलं, कारण घरात आपण तेच म्हणतो. पण मुंबईचा माणूस पायताण शोधत नाही, तो रोमन लिपीत कोल्हापुरी चप्पल लिहितो आणि त्यातही चप्पलचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे करतो. दुकानात एक भाषा, शोधताना दुसरी, आणि आपण ज्या भाषेत उत्तर देणार ती तिसरी. हे त्या मुलीला सगळ्यात आधी कळलं कारण ती आयुष्यभर दोन-तीन प्रकारच्या मराठीतनं ये-जा करतच आलेली. ज्याला ती स्वतःचा कमीपणा समजत होती ते या कामातलं खरं भांडवल आहे, हे मी तिला वर्गासमोर सांगितलं आणि मुद्दाम सांगितलं.

मग आम्ही जाहिरातीला हातच लावला नाही. आधी गुगल मॅपवर दुकान बघितलं. पिन शेजारच्या गल्लीत, फोन नंबर बंद पडलेला, फोटो कुणीतरी रस्त्यावरनं काढलेला आणि त्यात दुकानापेक्षा टेम्पो जास्त. माणसं शोधत येऊन परत जात होती, मामांना पत्ताच नाही. पडताळणी व्हिडिओनं करायची होती, एका सलग शॉटमध्ये, मध्ये कट नाही. आजूबाजूची जागा दिसली पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, आणि हे दुकान तुमच्याच ताब्यात आहे हेही दिसलं पाहिजे. पोरांनी सकाळी सातला जाऊन शूट केलं. मामा कुलूप काढतायत, शटर अर्ध्यावर अडकतंय, ते गुडघा लावून वर ढकलतायत, आत दिवा लागतो आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या चपला दिसतात. पहिल्या वेळी नाकारलं, दुसऱ्या वेळी मंजूर झालं. सात-आठ दिवसात लोकांचे फोन यायला लागले आणि यात एक रुपया गेला नव्हता.

त्यानंतर त्या मुलीनं पावसाचा प्रश्न घेतला. बाकीचे म्हणाले याला नको हात लावायला, निगेटिव्ह वाटतं. ती म्हणाली, पण सगळेजण तेच विचारत्यात की. कॅमेरा मामांच्या हातावर ठेवला, तोंड दाखवायचंच नाही, आणि मामा बोलत गेले. पावसात घालू नका, हे झाडाची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं हाय, पाणी पितं आणि फुगतं. भिजलीच तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा, वरनं तेलाचा हात फिरवा. बास, चाळीस सेकंद. "नाही" म्हणणारी जाहिरात. त्याच्यावर आम्ही मामांचे दुसरे पाचशे लावले, पुणे, मुंबई आणि ठाणे एवढंच लोकेशन, उद्दिष्ट मेसेज. एकोणीस मेसेज आले, चार जोड गेले. मापाचा घोळ होऊ नये म्हणून पोरांनी मामांचीच जुनी पद्धत वापरली, कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं भोवती रेघ मारायची आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवायचा. चारातला एकही परत आला नाही.

पोरं नाचायला लागली. मामांनी हिशोब मांडला. चार जोडाला पाचशे म्हणजे जोडामागं सव्वाशे जाहिरातीलाच, शिवाय डबा, कुरिअर, आणि एका माणसाचा मेसेजला उत्तरं देण्यात जाणारा वेळ. "ह्यात मला ऱ्हातंय काय?" पोरांना सीपीसी, सीपीएम, सीटीआर असली जाहिरातीच्या खर्चाची आणि क्लिकची मापं पाठ, पण एका जोडाला मामांना सुटतात किती हे साठातल्या एकानंही विचारलेलं नव्हतं! मग आम्ही तिथंच जमिनीवर बसून काढलं. फार काही उरत नव्हतं. पण दोन-अडीच महिन्यात त्या चारातल्या दोघांनी परत मागवलं, एकानं वडलांसाठी, एकानं ऑफिसातल्या मित्रांसाठी तीन जोड, आणि यावेळी जाहिरातीचा खर्च शून्य. गिऱ्हाईक एकदा आणायला काय पडतं आणि ते पुढं किती वेळा येतं, या दोन आकड्यांवर अख्खा धंदा उभा असतो. पुस्तकात याला कस्टमर लाईफटाईम व्हॅल्यू म्हणतात आणि दोन मार्काची व्याख्या आहे. त्या बॅचला ती व्याख्या पाठ करावी लागली नाही.

गुगल ॲड्सचा लिलाव शिकवताना असंच झालं. मी फळ्यावर समजावत होते की प्रत्येक सर्चला त्या क्षणी जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो, पण जास्त बोली लावणारा वर येईलच असं नाही. बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जा बघतात, शोधलेल्या शब्दाशी ती जुळते का, लोक क्लिक करतील का, आणि क्लिक केल्यावर जे पान उघडतं ते कामाचं आहे का. सोपं करून आकडे मांडले, एकाची बोली दहा रुपये आणि दर्जा चार, म्हणजे चाळीस, दुसऱ्याची बोली सहा पण दर्जा आठ, म्हणजे अठ्ठेचाळीस, दुसरा वर. खरा हिशोब याच्यापेक्षा गुंतागुंतीचा असतो पण गाभा हाच. एक पोरगा, त्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे, सीझनला वडलांबरोबर शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला जातो (तिथं गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात), तो उभाच राहिला. म्हणाला, "मॅडम, सौद्यात व्यापारी गुळाचा रवा बघून बोली लावतोय. हितं बोली लावणाऱ्याचाच रवा तपासत्यात व्हय?"

व्हय, अगदी तसंच. तोपर्यंत मला इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. आता मी दरवर्षी लिलाव असाच शिकवते, आणि पुढची गोष्ट पण लगेच कळते, की वर यायला जेवढे लागतात तेवढेच पैसे कापतात, तुम्ही लावलेली पूर्ण बोली कापतातच असं नाही. म्हणजे पान चांगलं केलं तर तीच जागा स्वस्तात मिळते. बोली वाढवणं हा शेवटचा उपाय.

२०२५ चा जून आठवतोय ना, प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं पत्र लिहिलं, मग त्यांनी प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे हे मान्य केलं. अख्खं कोल्हापूर पेटलेलं तेव्हा. कॉलेज नुकतंच सुरू झालेलं, वर्गात गुगल ट्रेंड्स, म्हणजे कुठला शब्द किती शोधला जातोय ते दाखवणारं टूल, उघडलं तर रेष उभी चढलेली. एकजण म्हणाला मॅडम शंभर लोकांनी सर्च केलंय. थांबवलं तिथंच. ट्रेंड्समधला शंभर म्हणजे शंभर माणसं नव्हेत, निवडलेल्या काळातला सगळ्यात वरचा बिंदू म्हणजे शंभर आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. हा घोळ मी नोकरीतल्या माणसांकडूनही ऐकलाय. पण मला पोरांना दाखवायचं होतं ते वेगळंच. एवढी माणसं एका आठवड्यात कोल्हापुरी शोधायला आली आणि त्यांना समोर काय दिसलं? मोठ्या वेबसाईटवरचा माल, ज्यात खरं कोणतं आणि मशीनवरचं कोणतं कळायला मार्ग नाही. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण, २०१९ ला मिळालाय, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आठ जिल्ह्यांना. पण ते नीट सांगणारं पान आम्ही बघितलेल्या कारागिरांपैकी एकाकडंही नव्हतं. लाट आली तेव्हा आपल्या माणसांकडं भांडंच नव्हतं. मला याचा त्रास होतो, खरंच होतो, कारण ते पान लिहायला येणारी पोरं माझ्या वर्गात बसलेली असतात आणि त्यांना आपण एसईओ, म्हणजे सर्चमध्ये वर कसं यायचं, त्याचे "प्रकार सांगा" एवढंच विचारतो.

काही गोष्टीत मी जरा कडक आहे. एका दुकानदारानं मला म्हटलं तुमची साठ पोरं आहेत, सगळ्यांना फाईव्ह स्टार द्यायला सांगा, वडापाव मी देतो. नाही म्हणजे नाही. गुगलच्या नियमात बसत नाही हे झालंच, पण पोरगं शिकायला आलंय आणि त्याची पहिली कमाई खोट्या शिफारशीची? एकानं मोबाईल रिचार्जवाल्या मित्राकडनं हजारो नंबरांची यादी आणली, व्हॉट्सॲपवर पाठवूया म्हणून. ती मी त्याच्यासमोर डिलीट करायला लावली, मग सगळ्यांना डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा वाचायला दिला आणि विचारलं की या यादीत तुझ्या बहिणीचा नंबर असता तर? तसंही साध्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून मामांच्या दुकानात आता जोड बांधून देताना नंबर सेव्ह करायला सांगतात, वाटलं तर करा म्हणून. आणि ज्या पोरांचे खाण्याच्या रील्सचे पेज आहेत त्यांच्यासाठी एक अख्खा तास, फुकट ताट खाऊन रील केली तर ती जाहिरात आहे आणि तसं लिहायचं, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फुकट मिळालेली वस्तूही धरलेली आहे. पोरं कुरकुरतात की मग लोक बघत नाहीत. बघू देत नाहीतर नको, लिहायचं.

ती गडहिंग्लजची मुलगी लेखी परीक्षेत जेमतेम पास झाली. व्याख्या लिहिता आल्या नाहीत. मी पेपर तपासणारी नव्हते. आता ती दोन दुकानांची कामं घरूनच बघते आणि मला अधूनमधून स्क्रीनशॉट पाठवून विचारते हे बरोबर काय मॅडम, बहुतेक वेळा बरोबरच असतं.

यंदा अंतर्गत मूल्यमापनाचे २० मार्क माझ्या हातात आलेत. काल बसून प्रश्न काढला. "तुमच्या ओळखीच्या एका दुकानात दोन तास बसा. गिऱ्हाईकांची दहा वाक्यं जशीच्या तशी लिहा, शुद्धलेखन सुधारू नका. त्यातलं एक निवडा आणि दुकानदाराच्या ५०० रुपयांत त्याचं काय कराल ते दुकानदाराला समजेल असं लिहा. खाली दुकानदाराचा अभिप्राय व सही." विभागाच्या फॉर्ममध्ये याच्याबरोबर आदर्श उत्तर जोडायचा रकाना आहे, तो मी मोकळा सोडलाय, आणि सोमवारी मीटिंगमध्ये का सोडला ते सांगायला त्या मुलीची वही बरोबर नेणार आहे.